बारा ओळी, एन्डेलसाठी

हापसालूच्या रस्ते-कचेरीत
हिवाळाभर माझ्याकडे दोन कामं:
समुद्रावरून मोटारी सोडायच्या की नाही, ते फलकावर लिहायचं
आणि टपालाची चाळण सांभाळायची.

चाळण तशी हुशार.
विषय कोरा, एक गुण.
नुसते आकडे, दोन.
मध्यरात्र उलटल्यावर पाठवलेलं, अर्धा.
जुनाट पत्त्यावरून, दीड.
पाच भरले की पत्र कचऱ्यात.
कुणाला विचारणं नाही, कळवणं नाही.

एन्डेल रात्री दोनला उठतो,
घसरगाडीवर गिरमिट टाकून बर्फावर चालत जातो,
खांबाखांबापाशी भोक पाडून पट्टी बुडवतो
आणि घरी येऊन, बहुधा हातमोजेही न काढता,
टाइप करतो:
२६
२५
२५
१९
बस्स. नमस्कार नाही, सही नाही.
एकोणीस म्हणजे रस्ता बंद, हे त्याला ठाऊक, मला ठाऊक.
चाळणीला कुणी सांगितलं होतं?

ते एकोणीस दोन दिवस पडून होतं
फुकट घड्याळं आणि कुठल्याशा विधवेचा वारसा
यांच्या मधोमध.
दुधाच्या गाडीवरचा उर्मास अर्ध्या वाटेत थांबला.
चाकाखालचा आवाज बदलला, म्हणाला.
बर्फावर पट्टा बांधायचा नसतो;
तसाच, दार किलकिलं ठेवून,
रिव्हर्समध्ये किनाऱ्यापर्यंत आला
आणि माझ्या टेबलावर लोण्याचा पुडा ठेवून गेला.
चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी चाळणीच्या पोटात हात घातला.
तिथे एक जागा मोकळी ठेवलेली असते:
तुमचं फंक्शन इथे लिहा, पायथनमध्ये.
पत्र आम्ही हातात देऊ,
तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा.
हो म्हणालात तर दहा गुण वजा.

हो किंवा नाही.
एवढ्यात एन्डेल कसा बसवायचा?

आधी लिहिलं: सगळ्या ओळी आकड्यांच्या असतील तर हो.
सकाळी तीनशे लॉटऱ्या लागलेल्या.
मग: आकडे साठच्या आतले.
मग: कालच्यापेक्षा फार वेगळे नकोत.
ही ओळ लिहिली आणि लगेच पुसली.
फार वेगळे असले,
तर तेच कळायला हवं ना.
नुसतं त्याचं नाव पुरलं नसतं;
त्याचा पत्ता एकदा चोरीला गेलेला,
त्याच्या नावाने वर्षभर कुणीतरी बूट विकत होतं.
म्हणून नाव आणि आकडे, दोन्ही.
पायथनमध्ये डावीकडची रिकामी जागाही बोलते:
चारऐवजी तीन सोडल्या
आणि सगळं फंक्शन मुकं.
पहाटे चारला बाराव्या ओळीवर ते चाललं.
नाव द्यावं लागतं. दिलं: बर्फ.

पाचला एन्डेलचं पत्र आलं, सरळ वरती.
२२, २२, २३, २१.
मी फलक बदलायला बाहेर गेले, टोपी विसरून.

एप्रिलमध्ये पाणी मोकळं झालं.
फंक्शनला दर पत्र दाखवलं जायचं,
ते दर पत्राला नाही म्हणायचं.
बिलं, जाहिराती, मंत्रालयाची परिपत्रकं.
नाही. नाही. नाही.

मेमधल्या एका सोमवारी कचरा उपसताना
एन्डेल सापडला. या खेपेला विषय होता,
सगळी अक्षरं कॅपिटल:
फुकट!!! आजच या!!!
खाली एवढंच,
धुरी दिलेले मासे, ढीगभर.
मी एकटा. संपत नाहीत.
तारीख शुक्रवारची.

फंक्शन नाहीच म्हणालं होतं.
त्याचं काय चुकलं? आकडा एकही नव्हता.

तेरावी ओळ लिहायला बसले.
चार जागा सोडल्या.
कर्सर तिथेच लुकलुकत राहिला.

वोर्म्सीची फेरीबोट सव्वापाचला सुटते.
उर्मासचा लोण्याचा पुडा अजून फ्रीजरमध्ये होता,
न फोडलेला. तो घेतला.